आणखी एक गिटार

मंडळी, नवी गिटार घ्यायची हुक्की कधी येते, ते तुमच्यातल्या वाजवणाऱ्यांनी आठवून पाहावं. एफ कॉर्ड, म्हणजे नवशिक्यांना छळणारी ती बोटांची पकड, नीट लागत नाही, बोटं हुळहुळलेली, त्याच चार गाण्यांचा कंटाळा आलेला. आणि नेमकी तेव्हाच मोबाईलवर एक लालबुंद गिटार दिसते. वर बिनव्याजी हप्ते! ती घरी आली की माणूस पंधरा दिवस नेमाने बसतो. हात सुधारतो तो बसण्यामुळे, श्रेय घेते गिटार. मग ती भिंतीवर टांगली जाते.

मी काही वैराग्य शिकवायला आलो नाही, गोदाकाठी त्याची सोय आहेच. आवाजातला फरक खराच असतो. १९५४ साली आलेल्या फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टर या इलेक्ट्रिक गिटारवर सिंगल कॉइल, म्हणजे एकाच वेटोळ्याचे पिकअप (तारेचं कंपन टिपणारे) होते; गिब्सन कंपनीच्या लेस पॉलवर १९५७ पासून दोन वेटोळ्यांचे हमबकर पिकअप आले. स्ट्रॅटच्या तारेची लांबी साडेपंचवीस इंच, लेस पॉलची साधारण पाऊण इंचाने कमी, म्हणून तिच्या तारा बोटाला मऊ लागतात. या दोन्ही घेतल्यात तर माझी तक्रार नाही. पण स्ट्रॅट असताना निळी स्ट्रॅट कशाला?

पुष्कळदा दोष जुन्या गिटारच्या सेटअपचा, म्हणजे तारांची उंची, मान वगैरे लावून घेण्याचा असतो. आपल्या नाशिकची हवा मे महिन्यात कोरडी ठणठणीत आणि जुलैत ओलीचिंब. लाकूड ओल पितं, अकूस्टिकची, म्हणजे बिनविजेच्या गिटारची वरची फळी फुगते, तारा उचलल्या जातात, आणि आपल्याला वाटतं ही गिटार आपल्याला झेपत नाही. घरी गेल्यावर एक करा. तार तिसऱ्या फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या म्हणजे फ्रेट) दाबून ठेवा आणि पहिल्या फ्रेटवर डोकावा. तार आणि फ्रेट यांच्यात जेमतेम कागद सरकेल एवढीच फट हवी. जास्त असेल तर नटच्या, म्हणजे मानेच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या, खाचा उंच आहेत आणि एफ कॉर्ड तिथेच अडते. जाणत्या कारागिराकडून खाचा घासून घ्या, मानेच्या आतली सळई, म्हणजे ट्रस रॉड, बघायला सांगा, नव्या तारा चढवा. नव्या गिटारच्या मानाने हा खर्च किरकोळ.

अमेरिकन गायक विली नेल्सन यांनी १९६९ साली मार्टिन कंपनीची नायलॉन तारांची एक गिटार घेतली. तिला पिकगार्ड, म्हणजे ओरखडे झेलणारी पट्टी नाही. तारा छेडायची पिक घासून घासून साउंडहोलशेजारी, म्हणजे पोटावरच्या गोल भोकाशेजारी, दुसरं भोक पडलं, तरी ते तीच वाजवत राहिले. ती वेळोवेळी दुरुस्तीला जाते, डागडुजी होऊन परत येते. इतकी वर्षं एकाच लाकडावर हात फिरला की कुठला सूर कुठे दबतो, कुठे खुलतो, हे बोटांना पाठ होतं. हे दुकानात मिळत नाही.

आत्ताच एका श्रोत्याने चिठ्ठी पाठवली आहे: “घरात आधीच सहा आहेत, त्यांचं काय करू?” साहेब, सगळ्या ट्यून करा आणि महिनाभर पाळीपाळीने वाजवा. जिची बॅग उघडायचाच कंटाळा येईल, ती विका. शिकणारी मुलं नाशिकमध्ये भरपूर आहेत. फक्त देण्याआधी सेटअप करून द्या, आणि बॅगेचे पैसे वेगळे लावू नका.