मिस मारते, पण कधी?

मंडळी, बुलेट फिटरपुढे उभी करून माणूस म्हणतो, "मिस मारतेय," म्हणजे इंजिन मधेमधे ठोका चुकवतंय. तेवढ्यावर कुणी पाना घेऊन कार्ब्युरेटर खोलायला बसला, तर त्याला थांबवा. आधी विचारा, कधी मारते? गार असताना की तापल्यावर? सपाटीला की चढाला? दिवा लावला की? टाकी भरून निघाल्यावर दहा-बारा किलोमीटरनी? दोष कुठे आहे, हे निम्मं या उत्तरांतच कळतं.

कोल्हापुरात हे जरा जोर देऊन सांगावं लागतं. आपल्याकडे उद्यमनगर आहे. बोअर, व्हॉल्व्ह सीट, बुश, जे हवं ते काम हाकेच्या अंतरावर होतं. म्हणूनच इथे इंजिन फार लवकर उघडलं जातं. कंडेन्सर (स्पार्कच्या जोडणीतला छोटा भाग) निकामी झालेल्या गाडीचा सिलिंडर बोअर करून, म्हणजे आतून कातून मोठा करून, काय मिळणार? बोअर ठराविक वेळाच वाढवता येतो. एक ओव्हरसाइज, म्हणजे बोअर वाढवायची एक पायरी, फुकट गेली की ती परत येत नाही.

आजचं बोलणं जुन्या कास्ट आयर्न बुलेटबद्दल आहे. म्हणायला ३५०, प्रत्यक्षात ३४६ सीसी. बोअर ७० मिमी, स्ट्रोक ९०, आणि इग्निशन पॉइंट-कॉइलचं, म्हणजे पॉइंटची छोटी जोडी मिटते-उघडते आणि ती उघडताच कॉइल प्लगला स्पार्क देते.

सुरुवात स्पार्कपासून करा, आणि तीही पाना न उचलता. दिवे बंद ठेवून चावी फिरवा आणि किक हाताने हळूहळू दाबत न्या. नजर अ‍ॅम्पियर मीटरवर ठेवा. पॉइंट मिटले की काटा डिस्चार्जकडे झुकतो, उघडले की मध्यावर येतो. काटा हललाच नाही, तर पॉइंट काळे पडलेत, वायर तुटलीय किंवा बॅटरीच मेलीय. काटा झुकूनच राहिला, तर पॉइंट उघडत नाहीत किंवा कंडेन्सर शॉर्ट आहे. एका मिनिटाचं काम आहे.

पॉइंटचा गॅप कॅमच्या सर्वांत उंच जागी ०.३५ ते ०.४० मिमी ठेवा. फिलर गेज (गॅप मोजायची पाती) पुसून घाला, तेलकट पातं पॉइंटवर तेल सोडतं. फायबरची टाच कॅमवर घासून झिजते, गॅप कमी होतो, पॉइंट उशिरा उघडतात आणि टायमिंग, म्हणजे स्पार्क पडायची वेळ, मागे जातं. मग गाडी ओढत नाही, इंजिन जास्त तापतं, सायलेन्सरचा पाइप निळा पडतो. म्हणून आधी गॅप, नंतर टायमिंग. उलटं केलंत तर टायमिंग परत करावं लागेल. कॉम्प्रेशनच्या स्ट्रोकला पिस्टन टॉपच्या ०.८ मिमी खाली असताना, अ‍ॅडव्हान्सची वजनं (वेग वाढला की स्पार्क लवकर पाडणारी) पूर्ण मिटलेली असताना, पॉइंट उघडायला लागले पाहिजेत. पॉइंटमध्ये पतंगाच्या कागदाची पट्टी धरून हलकी ओढत राहा. ज्या क्षणी सुटते, ती उघडण्याची जागा. टायमिंग फार पुढे गेलं तर किक उलटी मारते, आणि ती घोट्याला महागात पडते.

आता सर्वांत फसवणारी तक्रार. गाडी गार असताना उत्तम चालते, तापली की बंद पडते, अर्ध्या तासाने पुन्हा पहिल्या किकला सुरू होते. इथे संशयित तीन: कंडेन्सर, कॉइल आणि टाकीचं झाकण. या तिघांना पकडायचं तर गाडी बंद पडल्या जागीच, गरम असतानाच पकडावं लागतं. गॅरेजपर्यंत ढकलत नेलीत की पुरावा गार झाला.

आधी झाकण उघडा. "सुस्स" करून हवा आत ओढली गेली, तर झाकणाचं वायुछिद्र बुजलंय. पेट्रोल खाली उतरतं, त्याच्या जागी हवा जात नाही, आणि धार आटते. आवाज आला नाही, तर प्लग काढून कॅपला लावा, हेडला टेकवा आणि किक मारा. प्लग त्याच्या भोकापासून लांब धरा, तिथून पेट्रोलची वाफ बाहेर येते. निळा, आवाज करणारा स्पार्क हवा. पिवळा आणि बारीक आला, तर पॉइंटचं झाकण काढून किक मारताना पॉइंटकडे बघा. तिथे मोठी निळसर-पांढरी ठिणगी उडत असेल तर कंडेन्सर गेला. पॉइंट उघडताना कॉइलमधल्या प्रवाहाचा धक्का त्याने झेलायचा असतो. तो झेलत नाही, म्हणून पॉइंटवर जाळ होतो. जुना कंडेन्सर सुटा करून नवा बाहेरूनच जोडा, वायर पॉइंटच्या टर्मिनलला आणि बॉडी इंजिनला. गाडी सुरू झाली की खात्री पटली. तरीही स्पार्क मेलेलाच असेल, तर कॉइल.

दिवा लावल्यावरच मिस मारत असेल, तर चार्जिंग आणि बॅटरीचं अर्थिंग बघा. त्यावर जास्त बोलत नाही.

स्पार्क पक्का झाला की मगच कार्ब्युरेटर. या गाडीच्या मिककार्ब कार्ब्युरेटरमध्ये थ्रॉटलच्या, म्हणजे मुठीच्या, प्रत्येक टप्प्याचा मालक वेगळा. अगदी सुरुवातीला पायलट जेट (जेट म्हणजे पेट्रोल सोडणारं बारीक भोक) आणि एअर स्क्रू, पाव थ्रॉटलपर्यंत स्लाइडचा कट, पाव ते पाऊण नीडल, आणि पुढे मेन जेट. मुठीवर चिकटपट्टीने पाव, अर्धा, पाऊण अशा खुणा करा. वाघबीळहून पन्हाळ्याकडे चढताना मूठ एका खुणेवर धरून ठेवा. जिथे गाडी अडखळते, तिथला मालक तपासा. त्याच खुणेवर चोक थोडा ओढला आणि गाडी सुधारली, तर पेट्रोल कमी पडतंय. बिघडली, तर जास्त होतंय. एअर स्क्रू आत घेतला की पेट्रोल वाढतं, हे घोळतं म्हणून सांगतो. मूठ सोडल्यावर रेस लगेच उतरत नसेल, तर कार्ब्युरेटर आणि हेडच्या जोडावर पाणी शिंपडा. आवाज बदलला की हवा तिथूनच शिरतेय.

आणखी एक गोष्ट आपल्या जिल्ह्याच्या जवळची आहे. इथल्या साखर कारखान्यांतून निघणारं इथेनॉल आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत असतं. पेट्रोल पूर्ण जळायला वजनाच्या सुमारे १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला ९ पट. म्हणजे जुन्या जेटवर गाडी थोडी उपाशी चालते. प्लग पांढरा पडत असेल तर मेन जेट एक नंबर वाढवून बघा. शिवाय इथेनॉल पाणी शोषतं. पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीचं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून ठेवा. तळाशी वेगळा थर बसला, तर टाकी आणि फ्लोट चेंबर दोन्ही रिकामे करा. जुनी रबरी नळी मऊ पडली असेल तर तीही बदला.

एवढं सगळं करूनही किक हलकीच लागत असेल, तर कॉम्प्रेशन. गार इंजिनवर, पिस्टन कॉम्प्रेशनच्या टॉपला आणून पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडणारी दांडी) बोटांनी फिरवा. फिरला पाहिजे, पण वर-खाली खेळता कामा नये. फिरत नसेल तर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, टॅपेट, म्हणजे पुशरॉडची जुळणी, सैल करा. मग प्लगच्या भोकातून चहाचा एक चमचा इंजिन ऑइल सोडा, प्लग बसवा आणि किक दाबा. जड झाली तर दोष रिंगा किंवा बोअरमध्ये. तशीच हलकी राहिली तर व्हॉल्व्हमध्ये. आता सिलिंडर घेऊन खुशाल उद्यमनगरात जा, पण रिंगेचा गॅप बोअरमध्ये मोजून घेतल्याशिवाय बोअर करायला देऊ नका. पुष्कळदा नव्या रिंगांवर भागतं.