तीन उतारशाळांपर्यंत

(दृश्य : रुग्णालयाचा लांब व्हरांडा. रात्रीचे तीन. खुर्च्यांच्या रांगेत एकच बाई.)

रात्री तीन वाजता रुग्णालयाला वेगळाच आवाज असतो. ट्यूबलाइटची बारीक गुणगुण. लांब कुठेतरी ढकलल्या जाणाऱ्या स्ट्रेचरचं कुरकुरणारं चाक. अतिदक्षता विभागाचं दार उघडतं आणि पुन्हा मिटतं. त्या दाराकडे तोंड करून ही बाई काल दुपारपासून बसून आहे. मांडीवर बायबल आहे, मिटलेलं.

मोबाइल थरथरतो. बॅटरी ४ टक्के. फुलांच्या चित्रावर एक वचन, आणि खाली दोन शब्द : 'धीर धर.'

ती वाचते आणि फोन पालथा ठेवते.

(क्षणभर शांतता.)

मराठीत धीर सुटतो, खचतो, धरावा लागतो आणि द्यावाही लागतो. 'धर' म्हणायला फारसं काही लागत नाही. द्यायचा असेल तर बहुधा आधी उठावं लागतं.

ख्रिस्ती विश्वासातून रोजच्या जगण्याला बळ कुठून मिळतं, हे शोधायला निघालो तेव्हा आम्हीही आधी वचनंच गोळा करत बसलो होतो. यादी लांबत गेली आणि, खरं सांगायचं तर, कंटाळवाणी झाली. मग एकेका वचनाच्या मागेपुढे काय घडतं आहे ते वाचू लागलो. तिथे वारंवार एकच गोष्ट दिसली : खचलेल्या माणसाकडे कुणीतरी चालत येत असतं.

(दृश्य : मिटलेलं बायबल, पानांच्या कडांवरून सरकणारा कॅमेरा.)

त्या बाईच्या मांडीवरचं पुस्तक जवळून पाहा. पानांच्या कडा कधीकाळी सोनेरी होत्या. आता बऱ्याच जागी सोनं उडालंय, आणि मधोमध बोटभर रुंदीचा एक काळपट पट्टा पडलाय. बोटांच्या मळाचा, घामाचा. पुस्तक साधारण मधोमध उघडलं की स्तोत्रसंहिता लागते. हात कुठे सर्वांत जास्त गेला ते कागद लपवत नाही.

स्तोत्रं १५०. स्तोत्र म्हटलं की आपल्याला स्तुतीच आठवते. पण यातली निदान एक तृतीयांश गाऱ्हाणी आहेत. कुठवर? का? मला विसरलास का? ८८वं स्तोत्र तर काळोखातच संपतं, शेवटी उजेडाची तिरीपसुद्धा नाही. ज्यांनी हा संग्रह पवित्र म्हणून जपला त्यांनी ते गाळलं नाही, गोडही करून ठेवलं नाही. विश्वास असलेल्या माणसानं रडायचं नसतं, असं कुणी सांगू लागलं तर त्याच्यापुढे हे एकच पान उघडून ठेवावं.

(दृश्य : उजाड माळ, एकच खुरटं झुडूप.)

एलीया संदेष्टा. कर्मेल डोंगरावर त्याचा मोठा विजय झाला, आणि लगेच इजबेल राणीची धमकी आली. तो पळाला. बैर-शेबात आपल्या चाकराला मागे ठेवलं आणि एकटाच एक दिवसाची वाट चालून रानात शिरला. झुडपाखाली बसून म्हणाला, प्रभू, आता पुरे झालं, माझा प्राण घे. आणि झोपी गेला.

इथे उपदेश येईल असं वाटतं. येत नाही. देवदूत त्याला हात लावून उठवतो. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं आहे. तो खातो, पितो, पुन्हा आडवा होतो. त्याला झोपू दिलं जातं. दूत दुसऱ्यांदा उठवतो आणि एवढंच म्हणतो : खा, पुढची वाट तुला झेपणारी नाही. 'तू खंबीर हो' असं तो म्हणत नाही. वाट लांब आहे हे कबूल करतो.

पुढे होरेब डोंगरावर वारा, भूकंप, अग्नी आणि मग तो मंद आवाज, हे सगळ्यांना पाठ असतं. त्याच्या नंतरचं सहसा कुणी सांगत नाही. 'मी एकटाच उरलोय' असं एलीया तिथे दोनदा म्हणतो. उत्तरात त्याला कळतं, की बआल या दैवतापुढे गुडघे न टेकलेले ७,००० जण अजून आहेत. शिवाय एक नाव दिलं जातं : अलीशा. चाकराला मागे टाकून रानात शिरलेला माणूस परतला आणि त्याला सोबती मिळाला.

(दृश्य : जुन्या ग्रीक हस्तलिखिताचं पान.)

योहानाच्या शुभवर्तमानात, शेवटच्या रात्री, येशू शिष्यांना म्हणतो की पिता तुम्हांला दुसरा कैवारी देईल. 'कैवारी' हा आपल्या मराठी बायबलमधला फार चांगला शब्द. मूळ ग्रीक शब्द आहे पाराक्लेतॉस. पारा म्हणजे जवळ, शेजारी. उरलेला भाग बोलावण्याच्या क्रियापदातून आलेला. हाक मारून शेजारी बोलावलेला, तो कैवारी.

याच शब्दाच्या घराण्यातल्या दुसऱ्या शब्दानं बायबल एका माणसाच्या टोपणनावाचा अर्थ सांगतं. कुप्र बेटावरचा योसेफ. प्रेषित, म्हणजे येशूचे मुख्य शिष्य, त्याला बर्णबा म्हणू लागले, म्हणजे धीर देणारा. याचं एकट्याचं एकही भाषण बायबलमध्ये शब्दशः दिलेलं नाही. त्यानं केलं काय? शेत विकून पैसे गरजवंतांसाठी दिले. ख्रिस्ती लोकांचा छळ करणारा शौल बदलून यरुशलेमात आला तेव्हा सगळे त्याला घाबरत होते. बर्णबानं त्याला हाताशी धरून प्रेषितांपुढे नेलं. पुढे हाच शौल पौल म्हणून जगाला माहीत झाला.

मार्क नावाचा तरुण पहिल्याच दौऱ्यात अर्ध्या वाटेवरून घरी परतला होता. दुसऱ्या दौऱ्यावर त्याला न्यायचं नाही, असं पौलानं ठरवलं. बर्णबा ऐकेना. कडाक्याचं भांडण झालं आणि दोघे वेगळे झाले. बर्णबा मार्काला घेऊन जहाजात बसला. (ख्रिस्ती मंडळीच्या इतिहासातलं हे मला सर्वांत दिलासा देणारं भांडण वाटतं.) आपल्या सहकाऱ्याला, तीमथ्याला, लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी पौल लिहितो : मार्काला घेऊन ये, मला त्याचा उपयोग आहे. परंपरेनुसार दुसरं शुभवर्तमान याच मार्काचं.

त्या पत्राचा शेवट तर घरून आलेल्या चिठ्ठीसारखा आहे. त्रोवसात कार्पाकडे माझा झगा राहिला आहे, येताना तो आण. पुस्तकं आण, विशेषतः चर्मपत्रं. हिवाळ्याच्या आत ये. साखळदंडांतला म्हातारा प्रेषित, आणि त्याला थंडी वाजते आहे.

(दृश्य : रिकामी खुर्ची, तिच्या पाठीवर टाकलेलं उबदार वस्त्र.)

पौलाला आपण पोलादी माणूस समजतो. करिंथकरांना तो काय लिहितो ते वाचा : मासेदोनियात आलो तेव्हा जिवाला स्वस्थता नव्हती, बाहेर भांडणं, आत भीती. आणि पुढच्याच वाक्यात म्हणतो, की खचलेल्यांना धीर देणाऱ्या देवानं आम्हांला धीर दिला, तीत नावाचा सोबती आला त्यामुळे. त्याला ना दर्शन झालं, ना आकाशवाणी. ओळखीचा माणूस दारात उभा राहिला, आणि पौलानं त्याचं श्रेय निःसंकोच देवाला दिलं.

धीर देणं बिघडतं कसं, याचाही नमुना बायबलमध्ये आहे. ईयोबाची मुलं गेली, गुरंढोरं गेली, अंगभर गळवं उठली. तीन मित्र आले. सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले, एक शब्द बोलले नाहीत. तोवर ते उत्तम मित्र होते. मग त्यांनी तोंड उघडलं, आणि पुढचे कितीतरी अध्याय ते मिटलंच नाही. तुझंच काही चुकलं असेल, पाप आठवून पाहा. शेवटी देव रागावतो तो या मित्रांवर. आरडाओरडा करणाऱ्या ईयोबाला तो आपला सेवक म्हणतो. आपल्या संदेशांच्या गटांमध्ये या तिघांचे बरेच वंशज आहेत. मीही कधीकधी त्यांतला असतो.

(दृश्य : इंग्लंडमधलं छोटं गाव, चर्चचा मनोरा, शेजारी पाळकांचं घर.)

आता एक गोष्ट बायबलच्या बाहेरची, आणि तिचा शेवट गोड नाही.

जॉन न्यूटन. तरुणपणी गुलाम वाहून नेणाऱ्या जहाजांचा कप्तान. १७५४ मध्ये त्यांनी समुद्र सोडला, १७६४ मध्ये ऑल्नी गावी पाळक झाले, आणि पुढे गुलामांच्या व्यापाराविरुद्ध उभे राहिले. १७६७ मध्ये विल्यम कूपर हे कवी त्या गावात राहायला आले. कूपर यांना तीव्र नैराश्याचे झटके येत. त्यांनी आधी जीव देण्याचाही प्रयत्न केला होता. दोघांची मैत्री जमली. एकत्र फिरणं, आजाऱ्यांना भेटणं, गीतं रचणं.

१७७३ च्या जानेवारीत कूपर पुन्हा कोसळले. देवानं आपल्याला कायमचं टाकलंय, ही समजूत मनात घट्ट बसली. ते न्यूटन यांच्या घरी राहायला गेले आणि वर्षाहून अधिक काळ तिथेच राहिले. आजारी माणूस इतके दिवस घरात असणं म्हणजे काय, हे ज्यांनी काढलंय त्यांना वेगळं सांगायला नको. ती समजूत पुढे कधीच पुरती गेली नाही. कूपर चर्चमध्ये पुन्हा उपासनेला बसले नाहीत. ते ससे पाळू लागले, सुतारकाम करू लागले, बागेत रमले, कविता लिहू लागले. न्यूटन १७८० मध्ये लंडनला गेले, तरी पत्रं चालू राहिली. कूपर १८०० मध्ये वारले, शेवटपर्यंत निराशेतच.

न्यूटन यांच्या कडक शिकवणीनंच आजार वाढला, असं म्हणणारे चरित्रकारही आहेत. असेलही. पण त्या वर्षभरात त्यांनी मित्राला दाराबाहेर काढलं नाही, आणि पुढे तो बरा झाला नाही म्हणून त्याच्याशी नातंही तोडलं नाही. प्रार्थना केली की नैराश्य पळतं, असं सांगणाऱ्यांना ही गोष्ट अडचणीची वाटते. नैराश्याला डॉक्टरही लागतो, औषधही लागतं. औषध घेणाऱ्याचा विश्वास कमी पडला असं मानायला बायबलमध्ये मला तरी कुठे आधार सापडत नाही; लूक स्वतः वैद्य होता, आणि झगा मागणाऱ्या त्या पत्राच्या वेळी पौलाजवळ तो एकटाच उरला होता.

(दृश्य : दगडी रस्ता, दोन्ही बाजूंना उंच झाडं. पहाट होण्याआधीचा उजेड.)

हा अप्पियन मार्ग. रोमहून दक्षिणेला जाणारा. याच्यावरून पौल कैदी म्हणून रोममध्ये आला. त्याच्या कितीतरी आधी त्यानं रोमच्या ख्रिस्ती मंडळीला पत्र लिहिलं होतं. तिथे तोवर तो गेलेला नव्हता, तरी शेवटच्या अध्यायात चोवीस जणांना नावानिशी सलाम आहेत. आणि सुरुवातीलाच एक साधी इच्छा : तुम्हांला भेटावं, म्हणजे तुमच्या विश्वासानं मला आणि माझ्या विश्वासानं तुम्हांला धीर मिळेल. शिकवायला येतोय असं म्हणून थांबला असता तरी चाललं असतं. स्वतःलाही काही हवंय, हे त्यानं आधीच सांगून टाकलं.

मग तुरुंग आला, खटला आला. जहाज फुटलं, माल्टा बेटावर तीन महिने गेले. शेवटी इटलीचा किनारा आणि शिपायांच्या पहाऱ्यात हा रस्ता. तो येतोय ही खबर रोममध्ये पोहोचली. काही जण शहरातून निघाले. 'तीन उतारशाळा' हे ठिकाण सुमारे ५० किलोमीटरवर. काही जण तिथवर आले. काही त्याच्याही पुढे, अप्पियाच्या पेठेपर्यंत, म्हणजे साधारण ६५ किलोमीटर. दोन दिवसांची चाल, आणि तेवढीच परतीची. पत्रातले सलाम ज्यांच्या नावे आले होते त्यांतले कोण कोण होते, हे 'प्रेषितांची कृत्ये' हे बायबलमधलं पुस्तक लिहिणारा सांगत नाही. धुळीनं भरलेले पाय, समोरून येणारी कैद्यांची रांग, आणि त्यांतला एक जण पत्रातून ओळखीचा.

त्यांनी त्याची सुटका केली नाही. ते त्यांच्या हातात नव्हतंच. लेखक एवढंच लिहितो, की त्यांना पाहून पौलानं देवाचे आभार मानले आणि त्याला धीर आला.

(दृश्य : पुन्हा रुग्णालयाचा व्हरांडा. साडेपाच. खिडकी राखाडी झालेली.)

मोबाइल केव्हाच बंद पडलाय. बाई भिंतीला डोकं टेकून बसली आहे, झोपलेली नाही. जिन्यावर पावलं वाजतात. दुसरी एक बाई वर येते, धापा टाकत, कठड्याला धरून. हातात कापडी पिशवी. पिशवीतून ती एक स्वेटर काढते, थोडा मोठाच, आणि हिच्या खांद्यांवर टाकते. मग चार्जर काढते. भिंतीवरचा प्लग लांब आहे, वायर पुरत नाही. दोघी मिळून एक खुर्ची भिंतीकडे सरकवतात. खुर्चीचे पाय फरशीवर किंचाळतात.

दोघी शेजारी बसतात. बायबल अजून मिटलेलंच आहे. दार उघडतं आणि परिचारिका कुणाचं तरी नाव पुकारते.

दोघी एकदमच उठतात.