एक वीत खोड

ज्यांच्या घरी संत्र्याचं झाड आहे त्यांनी जरा हात वर करा. वा, निम्मं सभागृह. आता ज्यांना आपल्या झाडाच्या कलमाचा सांधा जमिनीपासून किती उंचीवर आहे ते सांगता येईल, त्यांचेच हात वर राहू द्या. दोन. त्यातला एक माझा.

पत्रिकेवर माझा विषय 'घरच्या संत्र्याची वर्षभराची निगा' असा छापलाय. ऊन, पाणी, खत, कीड, छाटणी, सगळं सांगणार आहे. पण आधी त्या सांध्याबद्दल दोन मिनिटं बोलतो, कारण कुणाला झाड दाखवलं की तो पानं बघतो, फळं मोजतो आणि "खत घाला हो" म्हणतो. खाली वाकून बघणारा माणूस मला वीस वर्षांत एकदाच भेटला. त्याच्याकडे येतोच.

रोपवाटिकेतून आणलेलं संत्रं म्हणजे एकावर एक बसवलेली दोन झाडं. खाली खुंट, म्हणजे एका जातीचं मुळांसकट बूड; त्यावर भरलेला डोळा, म्हणजे दुसऱ्या जातीचा सालीत बसवलेला कोंब. मुळं एकाची, फळं दुसऱ्याची. खुंट निवडायचा तो मातीतले रोग सोसणारा, आणि झाड ठेंगणं हवं असेल तर ते ठेंगणं ठेवणारा. काही जण विचारतात, बी का लावायचं नाही? लावा की. बी लावलं की भलतंच फळ येतं, असं जे म्हणतात ते संत्र्याच्या बाबतीत अर्धंच खरं आहे. एका बीतून बऱ्याचदा दोन-तीन रोपं येतात आणि त्यातली बहुतेक आईची हुबेहूब नक्कल असतात. अडचण वेगळीच. बीचं झाड सात, आठ, कधी दहा वर्षं नुसतं काटे वाढवत बसतं. कलम तिसऱ्या-चौथ्या वर्षी फळ देतं. माझं वय बघता मी कलमाच्या बाजूचा आहे.

नावाचा घोळही इथेच मिटवू, नाहीतर शेवटी कुणीतरी विचारतंच. इंग्रजीतला 'ऑरेंज' हा आपल्या 'नारंग'चाच भाऊबंद. संस्कृतातून फारसीत, तिथून अरबीत, मग युरोपात, आणि वाटेत 'न' गळाला. पण जगभर ज्याला गोड ऑरेंज म्हणतात ते आपलं मोसंबीचं घराणं. आपलं सुट्या सालीचं संत्रं म्हणजे मँडरिन. गोड ऑरेंज हा पपनस आणि मँडरिन यांच्या संकरातून आलेला वंश, तेव्हा मोसंबीनं संत्र्याला आजोबा म्हणायला हरकत नाही. निगा दोघांची सारखीच, म्हणून आज दोघांना संत्रंच म्हणतो.

तर माझं झाड. चांगलं गुडघाभर कलम आणलं, लावलं. दोन वर्षं ते जेमतेम वाढलं. तिसऱ्या वर्षी बुडातून एक फुटवा निघाला. काय फुटवा! सरळसोट, हिरवागार, बोटाएवढे काटे. मी हरखलो. त्याला काठीचा आधार दिला. आल्यागेल्याला दाखवायला लागलो. आमची ही म्हणाली, "अहो, याची पानं वरच्या पानांसारखी नाहीत. एका देठाला तीन-तीन आहेत." मी म्हणालो, "वयात आलं की बदलतात पानं." हे वाक्य आजही आमच्या घरात वेगवेगळ्या प्रसंगी मला ऐकवलं जातं.

पुढे त्या फुटव्यानं मूळ फांद्यांना मागे टाकलं. त्या बिचाऱ्या खंगलेल्या. मग मी काय केलं असेल? (हशा) बरोबर ओळखलंत. मूळ फांद्या छाटल्या. दुबळं काढावं, जोमदार ठेवावं, हा माझा त्या वेळचा सिद्धांत. त्या हिवाळ्यात झाडाची सगळी पानं गळाली. संत्रं सदाहरित असतं एवढं मला माहीत होतं, त्यामुळे घाबरून दुप्पट खत घातलं. वसंतात निष्पर्ण काट्यांवर पांढरी फुलं आली आणि मी जिंकलो असं मला वाटलं. मग फळं धरली. सुपारीहून थोडी मोठी, पिवळी, अंगावर लव, आत बियाच बिया. चव म्हणाल तर कडू. मी ती कौतुकानं लोकांना खिलवली. नात्यातल्या दोघांनी "वेगळीच आहे" असं म्हटलं. सज्जन माणसं.

शेवटी बागकामात आयुष्य काढलेले एक गृहस्थ घरी आले. त्यांनी फळाकडे बघितलंसुद्धा नाही. उकिडवे बसले, बुडाची माती हातानं बाजूला केली आणि म्हणाले, "साहेब, तुम्ही सहा वर्षं खुंट पाळलात." त्रिपर्णी संत्र्याचा खुंट होता तो. तीन पानं, हिवाळ्यात पानगळ, कडू फळ, सगळं त्याच्या जातीला धरूनच होतं. झाडानं माझ्यापासून काही लपवलं नव्हतं.

तेव्हा सांध्याच्या खालून आलेला प्रत्येक फुटवा कोवळा असतानाच बोटानं मोडून काढायचा. कात्रीनं कापला तर बुडखा राहतो आणि पुन्हा फुटतो. आणि सांधा मातीच्या वर वीतभर मोकळा हवा. खुंट रोग सोसतो, वरची जात सोसत नाही. ओली माती सांध्याच्या वर चढली की साल कुजते, डिंक गळायला लागतो. याला डिंक्या म्हणतात. बुडाशी मातीचा ढीग लावून वर शोभेचे गोटे मांडणाऱ्यांवर माझा विशेष राग आहे. दिसतं सुंदर, झाड मात्र गळ्यापर्यंत पुरलेलं असतं.

कॅलिफोर्नियात रिव्हरसाइड गावात एक संत्र्याचं झाड आहे. ब्राझीलच्या बाईया भागातली नाभीसारख्या खळीची, बिनबियांची जात. एलायझा टिबेट्स या बाईंना 1873 साली तिची रोपं मिळाली, त्यातलं हे. बी नाही, म्हणजे वाढवायची तर डोळे भरूनच. जगभरातली त्या वाणाची झाडं तशीच पसरली. पुढे याच झाडाचं बूड सडायला लागलं. मग 1918 साली आजूबाजूला नवी रोपं लावून त्यांचे शेंडे खोडात बसवले, म्हणजे झाडाला नवे पाय दिले. 1951 साली पुन्हा तेच. झाड आज दीडशे वर्षांपुढचं आहे आणि उभं आहे. पानांवर फवारे मारून हे झालं नसतं.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं, आता वर्षभराची निगा.

ऊन रोज सहा ते आठ तास. त्याहून कमी असेल तर पानांवर समाधान माना. माती किंचित आम्ल, सामू, म्हणजे पीएच, साडेपाच ते साडेसहा, आणि निचरा होणारी. कुंडीला भोकं हवीतच. दोन-तीन वर्षांनी झाड बाहेर काढून गुंडाळी झालेली मुळं थोडी छाटा, माती बदला. व्हर्सायच्या राजवाड्यात संत्री लाकडी पेट्यांत ठेवतात, त्यांच्या बाजू उघडता येतात त्या याचसाठी.

पाणी वरची दोन इंच माती सुकली की भरपूर, मग पुन्हा सुकेपर्यंत नाही. रोज तांब्याभर हा छळ आहे. जमिनीत झाड असेल तर दुहेरी आळं करा, खोडाशी कोरडी बांगडी, पाणी बाहेरच्या आळ्यात. बुडाला बोर्डो पेस्ट, म्हणजे बुरशी रोखणारा लेप, लावा. घरापुरतं 100 ग्रॅम मोरचूद, 100 ग्रॅम चुना, 1 लिटर पाणी. लोखंडी भांडं नको.

पिवळी पानं. जुनी पानं सगळीच फिकी पडली तर नत्र कमी. कोवळी पिवळी पण शिरा हिरव्या, तर लोह कमी किंवा माती विम्ल. दोन्हींच्या आधी पाणी जास्त होतंय का ते बघा, बहुधा तेच असतं. खत थोडं आणि अनेकदा, वाढीच्या दिवसांत. कोवळ्या पानांवर नागमोडी रेघा म्हणजे नागअळी. मोठ्या झाडाला तिचं फारसं काही वाटत नाही. पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी फुलपाखराची असते, हातानं उचला. मुंग्यांची रांग वर चालली असेल तर वर मावा नाहीतर खवले कीड आहे.

फुलं गळतात म्हणून फोन करू नका. शंभर फुलांत एक-दोन फळं टिकली तरी ठीक. साल हिरवी म्हणजे फळ कच्चं असंही नाही. रंगाला थंड रात्री लागतात, गोडीला नाही. तोडल्यावर मात्र ते पुढे पिकत नाही, तेव्हा एक तोडून चाखा आणि मग ठरवा.

दुसरी चिठ्ठी आली. छाटणी राहिली, मेलेलं, एकमेकांत घुसलेलं आणि सांध्याखालचं काढा, बस. माझ्या त्या झाडाच्या खोडाचा तुकडा आणलाय, सांध्यासकट. खाली एक साल, वर दुसरी, मधली रेघ स्पष्ट दिसते. पहिल्या रांगेपासून फिरवतो, मागून परत पाठवा. एक काटा अजून आहे त्याला, जपून धरा.