कुदळ नंतर, आधी छत्री

नमस्कार श्रोतेहो. पाणथळीच्या उजाड काठावर, आत येणारं पाणी गाळून घेणारा गवता-झाडांचा पट्टा पुन्हा उभा करायचं ठरलं, की बहुतेकांना आधी आठवतो तो खड्डा, त्यात रोप आणि शेजारी उभं राहून काढलेला फोटो. माझं म्हणणं, पहिल्या पावसात कुदळ घरीच राहू द्या. छत्री घ्या, बांबूच्या पन्नासेक काड्या घ्या आणि पाऊस पडत असतानाच काठाने चालायला लागा. वरच्या बाजूचं पाणी जिथून जिथून आत शिरताना दिसेल, तिथे एक काडी रोवायची. फेरी संपल्यावर मागे वळून पाहा. काड्या काठभर सारख्या पसरलेल्या नसतात. तीन-चार ठिकाणीच त्यांची दाटी झालेली असते. काठ झिजला, की पाणी पसरून वाहायचं सोडतं आणि ओघळी धरतं. मग मधल्या कोरड्या जागेत तुम्ही शेकडो रोपं लावा, पाणी त्यांच्या वाटेलाच जात नाही.

आणि या पट्ट्याची सगळी करामत तर पाणी रेंगाळण्यात आहे. गवताच्या दाट बुडख्यांत पाणी अडखळलं, की गाळ खाली बसतो. वाहून येणारं स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, बरंचसं मातीच्या कणांना चिकटलेलं असतं, त्यामुळे गाळाबरोबर तेही अडतं. नायट्रेट मात्र पाण्यात विरघळून येतं, गवताच्या चाळणीतून अलगद निसटतं. त्याचा बंदोबस्त ओल्या मातीत होतो. पाण्याने भरलेल्या मातीतला ऑक्सिजन संपला, की तिथले काही जिवाणू नायट्रेटमधल्या ऑक्सिजनवर श्वास चालवतात आणि नायट्रोजन वायू होऊन हवेत निघून जातो. या जिवाणूंचं खाद्य म्हणजे कुजणारी पानं नि मुळं. म्हणून काठावरचा पालापाचोळा गोळा करून जाळणारे स्वच्छतावाले दिसले, की माझं डोकं फिरतं.

तेव्हा पहिलं काम ओघळींचं. ओघळ पट्ट्यात शिरते तिथे, वरच्या अंगाला, समपातळीत एक उथळ चर काढायचा आणि त्याच्या खालच्या कडेला दगडांची बसकी ओळ लावायची. बंधारा घालायच्या फंदात पडू नका. पाणी नुसतं आडवं पसरलं पाहिजे.

दुसरं काम बेशरमचं. नाव ठेवणाऱ्याने विचार करून ठेवलंय. मूळची उष्ण अमेरिकेतली ही वनस्पती. फुलं गुलाबी-जांभळी, दिसायला छान, पण जनावरं सहसा तोंड लावत नाहीत. कोयत्याने छाटून तिथेच टाकली, तर चिखलात पडलेले तुकडे मुळं धरतात आणि तोडणाऱ्यालाच हसतात. पाणी ओसरल्यावर, उन्हाळ्यात, ती मुळासकट उपटायची आणि पाण्यापासून लांब, कोरड्या जागी कडकडीत वाळू द्यायची. मात्र सगळा काठ एका दमात मोकळा करू नका. बेशरम झाली तरी तिने माती धरून ठेवलेली असते. येत्या पावसाआधी जेवढ्या भागात लावणी उरकेल, तेवढाच उघडा करा.

लावणीत माझा एक मूर्खपणा सांगतो. देशी झाड म्हणून मी कडुनिंबाची रोपं अगदी पाण्याच्या रेषेलगत लावली होती. पाणी चढलं, मुळाशी साचून राहिलं, आणि पावसाळा सरायच्या आत सगळी गेली. कडुनिंबाला पाय कोरडे लागतात, हे मला माहीत होतं. काठावर उभं राहिल्यावर सुचलं नाही, एवढंच. देशी असणं पुरत नाही, पायरीही जुळावी लागते. महिनोन्‌महिने पाणी उभं राहतं तिथे लव्हाळी आणि पाणकणीस. पाणकणीस जरा हात राखून लावा, ते फार हावरं असतं, बघता बघता उघडं पाणी व्यापून टाकतं. पाणी येऊन-जाऊन असतं तिथे वाळा आणि वाळुंज. त्याच्या वर निरगुडी, करंज, अर्जुन. वाळ्याचे फुटवे लावता येतात. वाळुंज आणि निरगुडी फांदीच्या छाट्यांवरही येतात. म्हणजे जवळच्या एखाद्या धडधाकट काठावरून, झाड बोडकं न करता, बरीचशी लागवड मिळते.

थोडा तुकडा मात्र काहीही न लावता, नुसता जनावरांपासून राखून ठेवा. चिखलात जुनं बी बरेचदा दडून असतं. एका पावसाळ्यात तिथे काय उगवतं ते बघितल्याशिवाय रोपांची यादी पक्की करायची घाई नको. पुढची दोन-तीन वर्षं तण काढणं आणि मेलेल्या रोपांच्या जागी नवी लावणं. या कामाला फोटो काढायला कुणी येत नाही.

पट्टा काम करतोय का, हे बघायला दोन पारदर्शक बाटल्या पुरतात. जोराचा पाऊस चालू असताना एकीत पट्ट्याच्या वरचं पाणी भरायचं, दुसरीत पट्टा ओलांडून आलेलं. नायट्रेट त्यात दिसणार नाही, पण गाळ दिसतो. रात्रभर हलवू नका. सकाळी दोन्ही बाटल्यांच्या तळाशी बोट आडवं धरून पाहा, कुठल्या बाटलीत ते गाळामागे लपतंय.