मुंबईतली संग्रहालये: एका दिवशी एकच

नमस्कार श्रोतेहो. सुट्टी लागली की गावाकडची मंडळी मुंबईत येतात आणि बेत ठरतो: सकाळी राणीची बाग, दुपारी म्युझियम, संध्याकाळी चौपाटी. त्यातल्या दुपारच्या म्युझियमबद्दल मला आज बोलायचं आहे. उन्हात फिरून दमलेली मुलं आणि पाय दुखणारी आजी घेऊन तिथे शिरलं, की माणूस फक्त पुढे सरकत राहतो, पाहत काहीच नाही. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे: एका दिवशी एकच संग्रहालय, तेही सकाळी उघडल्या उघडल्या, आणि त्यातलीही दोन-तीनच दालनं.

फोर्टमधलं छत्रपती शिवाजी महाराज वस्तु संग्रहालय घ्या. आत धावत जाऊ नका, आधी इमारत पाहा. गेटवे ऑफ इंडिया उभारणाऱ्या जॉर्ज विटेट यांचीच ही रचना. घुमटाखाली उभं राहिलात की लाकडी कमानींचं सुरेख काम दिसेल. ते नाशिकच्या एका वाड्यातून आणलेलं आहे. इमारत 1914 साली उभी राहिली, पण महायुद्धात तिथे लष्करी रुग्णालय होतं आणि लोकांसाठी दारं उघडली ती 1922 मध्ये. मग दालनं निवडा. मुलं बरोबर असतील तर निसर्गविभागापासून सुरुवात करा. तो उभारायला बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने हातभार लावला होता. लघुचित्रांसाठी मात्र वेळ राखून ठेवा. ती हातात धरून पाहण्यासाठी काढलेली चित्रं आहेत, लांबून ती कळत नाहीत. काचेजवळ जा, झाडाची पानं पाहा, ओढणीची किनार पाहा. फलक नंतर वाचा. आधी फलक वाचला की डोळे तेवढंच शोधतात.

मोठी पिशवी घरीच ठेवा. फोटोचे नियम तिकीट खिडकीवरच विचारून घ्या. परवानगी असली तरी फ्लॅश बंद, कारण जुन्या रंगांना आणि कापडाला प्रकाश बाधतो. आणि मुलांना वही-पेन्सिल द्या. एक मूर्ती काढायला बसलेलं मूल त्या मूर्तीचे हात, दागिने, बसण्याची ढब सगळं टिपतं.

भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय मला विशेष जवळचं. 1872 मध्ये ते लोकांसाठी खुलं झालं, तेव्हा नाव होतं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम. 1975 मध्ये त्याला भाऊ दाजींचं नाव मिळालं. गोव्यात जन्मलेले हे डॉक्टर आणि संस्कृतचे अभ्यासक, या संग्रहालयासाठी त्यांनी मनापासून खटपट केली होती. इथे राजेरजवाड्यांपेक्षा साधी माणसं जास्त भेटतात: मातीच्या छोट्या प्रतिकृतींमधून जुन्या मुंबईतले पेशे आणि पेहराव. आजी-आजोबांना इथे जरूर न्या. त्यांना ओळखीचं काही दिसलं की ते बोलू लागतात, आणि त्या गोष्टी कुठल्याच फलकावर नसतात. बुधवारी मात्र जाऊ नका, त्या दिवशी संग्रहालयही बंद आणि शेजारची राणीची बागही. इतर दिवशीसुद्धा निघण्यापूर्वी वेळ तपासा, दुरुस्तीसाठी दालनं बंद असू शकतात.

या संग्रहालयाबाहेर एक दगडी हत्ती उभा आहे. लोक त्याच्यासमोर फोटो काढतात आणि पुढे जातात, याचं मला वाईट वाटतं. हा हत्ती मूळचा घारापुरीचा. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटलं. 1864 मध्ये तो इंग्लंडला न्यायचा प्रयत्न झाला, तेव्हा उचलताना क्रेन तुटली आणि हत्ती कोसळून फुटला. ते तुकडे मुंबईत आले आणि 1914 मध्ये जोडून हत्ती पुन्हा उभा केला गेला. सांधे नीट पाहा, अजून दिसतात.

हा हत्ती पाहिलात, तर पुढच्या फेरीत घारापुरी ठेवा. गेटवेवरून लाँचने साधारण तासाभराचा प्रवास आहे, वर चढायला पायऱ्या बऱ्याच आहेत, तेव्हा पाणी आणि टोपी बरोबर घ्या. लेणी सोमवारी बंद असतात, आणि पावसाळ्यात समुद्र खवळला की लाँचही सुटत नाहीत. नमस्कार.