दारू सोडल्यावरचे पहिले काही दिवस

श्रोतेहो, नमस्कार.

श्रावण लागला की आपल्या गोव्यात बऱ्याच घरांत मासळीबरोबर दारूही बंद होते. चतुर्थी होईपर्यंत बाटलीला हात लावायचा नाही, असं ठरतं. अधूनमधून घेणाऱ्याला त्याचं काही वाटत नाही. पण वर्षानुवर्षं रोज पिणारा, त्यातही सकाळी एक पेग पोटात गेल्याशिवाय ज्याचा हात स्थिर होत नाही असा माणूस एका रात्रीत थांबला, तर शरीर त्याचा सूड उगवतं.

दारू मेंदूला सुस्त करते. ती रोजच येऊ लागली की मेंदू उलट जोर लावून जागा राहायला शिकतो. दारू बंद झाली तरी हा जोर लगेच ओसरत नाही. रस्सीखेचीत समोरच्याने दोर सोडला की आपणच मागे कोसळतो, तशातली गत. शेवटच्या पेगनंतर ६ ते ८ तासांत हात थरथरू लागतात. चहाचा कप तोंडापर्यंत नेईस्तोवर अर्धा चहा लुंगीवर. घाम, धडधड, मळमळ, रात्रभर डोळ्याला डोळा नाही. मग शेजारी सांगतो, ‘घोटभर घे, बरं वाटेल.’ आणि वाटतं बरं, म्हणूनच तर सुटत नाही.

बहुतेकांचा त्रास दोन-तीन दिवस वाढून आठवड्याभरात उतरतो. काहींना मात्र पहिल्या ४८ तासांत फिट येते. काहींना दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भ्रम होतो. भिंतीवर मुंग्या दिसतात, नसलेल्या माणसांशी बोलणं चालतं, अंग तापतं, आपण कुठे आहोत हेही कळत नाही. घरचे म्हणतात बाधा झाली, आणि घाडी शोधायला निघतात. देवाला कौल लावायचा तर लावा, पण आधी १०८ ला फोन करा. उपचाराविना हा भ्रम जीव घेऊ शकतो.

आणखी एक गोष्ट, जी घरोघरी लाजेपायी लपवली जाते. एखादा पाय मोडून किंवा हर्नियाच्या ऑपरेशनसाठी दाखल होतो. ‘दारू घेता का?’ या प्रश्नावर बायको खाली बघते, तो म्हणतो, ‘कधीतरी, लग्नाकार्यात.’ दोन दिवसांनी तोच माणूस सलाईनची सुई उपसून वॉर्डभर धावतो आणि सगळे भुलीच्या औषधाला दोष देतात. खरं आधी सांगितलं असतं तर गोळ्या वेळेवर सुरू झाल्या असत्या. शिवाय पिणाऱ्यांच्या अंगात बी-१ जीवनसत्त्व बहुधा कमी असतं. ते न देता नुसतं ग्लुकोज चढवलं, तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. तेव्हा रोज किती आणि शेवटची कधी घेतली, हे डॉक्टरला न विचारताही सांगा. रोज पिणाऱ्याने सोडायचीच ठरवली असेल, तर आधी बांबोळीच्या मानसोपचार संस्थेत किंवा जवळच्या आरोग्य केंद्रात जाऊन यावं. चढत्या त्रासाला आवर घालणाऱ्या गोळ्या असतात. त्या काही दिवस देऊन हळूहळू कमी करतात.

पुढचे आठवडे सोपे नसतात, पण ते धोक्याचेही नसतात. झोप तुटक येते, दारू प्यायल्याची स्वप्नं पडून माणूस दचकून उठतो, गोड खावंसं वाटतं. खाऊ दे की! यकृतात साठलेली चरबी महिना-दीड महिन्यात बरीच उतरते, रक्तदाबही खाली येतो. दारूमुळे पायांना येणाऱ्या मुंग्या मात्र रेंगाळतात, काहींच्या पूर्ण जातही नाहीत.

बायाबापड्यांना एक विनवणी. दारू सोडवणारी गोळी त्याच्या नकळत आमटीत मिसळू नका. वर दारू पडली की तोंड लालबुंद होतं, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. ती गोळी त्याला सांगून, डॉक्टरच्या देखरेखीखालीच द्यायची असते.

रात्री-अपरात्री कुणाशी बोलावंसं वाटलं, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो. नमस्कार.