पाटीपूजनाला गैरहजर राहिलेला पोरगा

वाचनालयाच्या मंडळींनी विषय दिला तेव्हाच म्हणले, सर, शाळेतली प्रार्थना आणि धर्माचं शिक्षण यावर बोला, पण जरा जपून. मी म्हणलं, जपून बोलतो, पण जे बघितलंय तेच बोलतो. तीस वर्षं कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या सरकारी मराठी शाळांत काढली, रोज घंटा झाली की पोरं पटांगणात रांगेत, मराठीत प्रार्थना, कन्नडमध्ये नाडगीत, म्हणजे राज्याचं गीत, मग राष्ट्रगीत, आणि या सगळ्यात एखादं पोर गप्प उभं असलं तर त्याच्याकडं बघायची आम्हाला सवयच नव्हती. माझा आजचा विषय ते पोरच आहे.

आपल्याकडं दसऱ्याची सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी शाळेत पाटीपूजन असतं. पोरं पाटी कोळशानं घासून काळीभोर करून आणायची, त्यावर एकचे आकडे जोडून जोडून सरस्वती काढायची, झेंडूची फुलं, उदबत्ती, नंतर चुरमुऱ्याचा प्रसाद. माझ्या तिसरीच्या वर्गात एक पोरगा होता, वडील गाद्या भरायचे, कापूस पिंजायचे, गावात त्यांची दोनच मुसलमान घरं. या पोराचा हात इतका सुंदर की त्याची सरस्वती सगळ्या वर्गात उठून दिसायची, एकन् एक आकडा सारखा, कुठं कमी-जास्त नाही. बाकीची पोरं त्याच्याकडनं काढून घ्यायची. पूजा सुरू झाली, सगळ्यांनी पाट्या मांडल्या, हळद-कुंकू झालं, आणि हा आपली पाटी छातीशी धरून मागं उभा, माझ्याकडं बघत होता. मी काहीतरी सांगीन म्हणून बघत होता. आणि मी, सगळ्यांसमोर, मोठ्यानं म्हणलं, "अरे बघतोस काय, पाटी ठेव, नमस्कार कर." त्यानं ठेवली. केला नमस्कार.

पुढच्या वर्षी पाटीपूजनाला तो गैरहजर. त्याच्या पुढच्या वर्षी पण. मी हजेरीपटावर गैरहजर मांडलं आणि विसरून गेलो. कित्येक वर्षांनी जुने कागद चाळताना लक्षात आलं, की एरवी वर्षभर न चुकता येणारा पोरगा बरोबर त्याच दिवशी घरी राहत होता. त्याला सरस्वती काढायला आवडत होतं हो, मी आडवा आलो नसतो तर त्यानं दरवर्षी आनंदानं काढली असती. मी त्याला रागावलो नव्हतो, मारलं नव्हतं, माझ्या मनात काही वाईट पण नव्हतं, आणि म्हणूनच ही गोष्ट मला आज पण टोचते.

आता कायदा काय म्हणतो ते सांगतो, कारण शाळेत प्रार्थना हवी म्हणणारी आणि नको म्हणणारी, दोन्हीकडची माणसं अर्धंच सांगतात. राज्यघटनेचं २८ वं कलम. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण द्यायचं नाही, ही पहिली गोष्ट. दुसरी, एखादी संस्था अशा ट्रस्टनं काढलेली असेल की ज्याच्या अटीतच धर्मशिक्षण आहे, तर तिचं व्यवस्थापन सरकारकडं असलं तरी तिला सूट आहे. आणि तिसरी, जी आपल्या उपयोगाची: शाळा सरकारमान्य असो नाहीतर अनुदानित, मुलाच्या पालकांनी होकार दिल्याशिवाय त्याला धर्माच्या तासाला किंवा पूजेला बसवता येत नाही. होकार म्हणजे आधी विचारायचं असतं. तुमच्यापैकी किती जणांना शाळेनं असं कधी विचारलंय? मी तीस वर्षांत एकाही पालकाला विचारलं नाही.

मग प्रार्थना हे धर्मशिक्षण आहे का? यावर अजून वाद आहे. केंद्रीय विद्यालयांतल्या संस्कृत प्रार्थनेवरचा खटला सुप्रीम कोर्टात गेला आणि २०१९ साली तो मोठ्या खंडपीठापुढं ठेवावा असं दोन न्यायमूर्तींनी म्हणलं. हिजाबचं प्रकरण तर आपल्याच राज्यातलं, २०२२ ला त्यावर दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही. म्हणजे एवढी मोठी माणसं जिथं थांबतात तिथं आपण गावात आवाज चढवून निकाल लावू नये.

पण मला कायद्याच्या आधी दुसरं सांगायचंय. आपण इथली मराठी माणसं. १ नोव्हेंबर १९५६ ला आपण म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेलो, त्याच साली सातव्या घटनादुरुस्तीनं ३५० अ कलम आलं, भाषिक अल्पसंख्याकांच्या पोरांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळावं म्हणून. तेव्हापासून आपण काय मागतोय? कागद मराठीत द्या, शाळा बंद करू नका, आमच्या पोरांना परक्यासारखं वागवू नका. ऑफिसात आपल्या भाषेत बोलल्यावर समोरचा माणूस तोंड फिरवतो तेव्हा पोटात कसं होतं हे आपल्याला कुणी शिकवायला नको. मग जिल्ह्यात अल्पसंख्य असलेले आपण, आपल्याच मराठी शाळेच्या पटांगणात मात्र बहुसंख्य असतो, आणि तिथं एखादं ख्रिश्चन, मुसलमान, जैन पोर गप्प उभं राहिलं तर आपल्याला त्याचं दुखणं सगळ्यात आधी कळायला पाहिजे, कारण ते आपलंच दुखणं आहे.

कोणी म्हणतं, नको असेल त्यानं बाजूला उभं राहावं, कोण अडवतंय. खरंय, पण आठ वर्षांच्या पोराला सगळ्यांसमोर बाजूला उभं राहणं म्हणजे काय असतं? दुपारच्या जेवणात अंडी सुरू झाली तेव्हा बघितलंय मी, ज्याला अंडं नको त्याला केळं, योजना चांगली, पण काही ठिकाणी केळंवाल्यांची वेगळी पंगत बसायला लागली आणि पोरं एकमेकांना नावं ठेवायला लागली. एका हुशार बाईंनी आमच्याकडं सगळ्यांना एकत्रच बसवलं, वाढताना विचारायचं, बस्स, आठवड्यात विषय संपला. केरळमध्ये १९८५ साली यहोवा विटनेस या ख्रिस्ती पंथाच्या तीन मुलांना राष्ट्रगीत म्हणत नाहीत म्हणून शाळेतनं काढलं होतं. ती मुलं राष्ट्रगीताला आदरानं उभी राहत होती, फक्त गात नव्हती. १९८६ ला सुप्रीम कोर्टानं त्यांना परत शाळेत घ्यायला लावलं, आदरानं गप्प उभं राहणं म्हणजे अपमान नव्हे असं सांगून. राष्ट्रगीताच्या बाबतीत कोर्ट एवढं म्हणतं, तर पाटीपूजनाच्या बाबतीत मी का म्हणू नये?

याचा अर्थ शाळेतनं धर्माचं नावच काढून टाका असं मी म्हणत नाही, ते तर मला अजिबात पटत नाही. तुकारामांचा अभंग काढला तर मराठीच्या पुस्तकात राहिलं काय? २००२ च्या एका निकालात सुप्रीम कोर्टानं फरक करून ठेवलाय, धर्माची दीक्षा देणं वेगळं आणि सगळ्या धर्मांबद्दल माहिती देणं वेगळं. दुसरं आपण करतच नाही. बेळगावच्या किल्ल्यात १२०४ साली बांधलेली कमल बस्ती, म्हणजे जैन मंदिर आहे, छतातलं ते दगडी कमळ बघून पोरं माना वर करून तशीच उभी राहतात, आणि त्याच किल्ल्यात सफा मशीद आहे. एका सकाळी पायी दोन्ही बघून होतात. सहल मात्र आपण गोव्याच्या बीचला नेतो. मराठी दिनाला पोरं मराठीची थोरवी सांगणारी ओवी घोकतात, कोणी त्यांना सांगतं का की ती फादर स्टीफन्स नावाच्या इंग्रज पाद्र्याची आहे, १६१६ साली छापलेल्या क्रिस्तपुराणातली, येशूची गोष्ट सांगणाऱ्या मराठी काव्यातली? श्रीगोंद्याचे शेख महंमद मराठी संत होते हे सांगतं? हे तिसरीच्या त्या पोराला मी सांगितलं असतं तर सगळ्या वर्गात त्याची मान वर झाली असती.

राहिला संस्काराचा प्रश्न. आपल्या पोरांना धर्म शाळेनं दिलाच नव्हता मंडळी, तो दिला पारायणाच्या मांडवानं, आजीच्या काकड्यानं, पंढरीला निघालेल्या दिंडीनं. ते बंद पडलं आणि मास्तर प्रार्थना म्हणवून घेईल, यानं काही व्हायचं नाही. १९२४ ला काँग्रेसचं अधिवेशन बेळगावात टिळकवाडीला झालं, गांधीजी आयुष्यात एकदाच अध्यक्ष झाले ते इथं. रोज सर्वांसमोर प्रार्थना करणारा माणूस. पण स्वतः मांडलेल्या वर्धा शिक्षण योजनेत त्यांनी धर्माचा विषय ठेवला नाही, आणि १९३८ ला कारण लिहिलं, की आज धर्म जसे शिकवले आणि पाळले जातात त्यानं एकी न होता भांडण होईल अशी भीती वाटते. त्यांना देव नको होता असं कोण म्हणेल?

सप्टेंबर २०२३ पासून आपल्या राज्यात घटनेची प्रस्तावना शाळेत वाचायला लावलीय. चांगलं आहे, पण घाईनं, एका दमात, कुणी अर्थ विचारत नाही. बंधुता म्हणजे काय हे एका पोरानं मला विचारलं तर मी आता पाटीची गोष्ट सांगतो.

आज इथं चार-पाच हेडमास्तर बसलेत, एसडीएमसीचे, म्हणजे शाळेच्या पालक समितीचे लोक पण आहेत, म्हणून एकच काम सांगतो. दसऱ्याची सुट्टी लागेल त्याच्या आधी गेल्या तीन वर्षांचे हजेरीपट काढा, पाटीपूजनाच्या दिवसावर बोट ठेवा, कोण दरवर्षी गैरहजर आहे ते बघा. आणि त्याच्या घरी जा. नोटीस पाठवू नका, स्वतः जा, चहा घ्या, त्याच्या आईला विचारा, ताई, पोराला सरस्वती काढायला आवडते का?